तिसऱ्या फळीवरचं वल्हं

लिंटुनिएमी, १९ नोव्हेंबर

केर्तू,

पाकिटावर माझं अक्षर आहे म्हणजे मी जिवंत आहे, एवढं तुला ते फोडायच्या आधीच कळलं असेल. फोन केला नाही, कारण फोनवर तू रडतेस, आणि नणंदेचं रडणं ऐकायला सध्या माझ्या अंगात ताकद नाही. कागदावर काय रडायचं ते रड.

गेल्या महिन्यात मला झटका आला. हृदयाचा. सौनाच्या वाफाऱ्यासाठी लाकडं रचत होते, तर छातीवर गाय येऊन बसावी तसं झालं. शेजारच्या वैनोने गाडीत घातलं. शहरात मनगटातून तार घालून आतल्या नळीत जाळी बसवली. डॉक्टर म्हणाला, "आजी, नशीबवान आहात." मी म्हटलं, "नशीबवान असते तर घरी कॉफी पीत बसले असते."

हे झालं. आता खरं दुखणं ऐक.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी आर्ने आला. तोच, आपल्या लांब होडीचा तांडेल. वेलचीची पावरोटी घेऊन आला, तेव्हाच मला वास आला. हा माणूस उगाच पावरोटी आणत नाही. म्हणाला, "हेल्वी, येत्या युहान्नुसला, उन्हाळी सणाला गाव होडीने देवळात निघेल तेव्हा, तू काठावर बस. कॉफी ओत. बायका काठावर शोभतात." मी म्हटलं, "आणि तू तोंड मिटून शोभतोस." पण तो गेल्यावर वैनोला होडीघरात पाठवलं, तर माझं वल्हं खुंटीवर नव्हतं. वर आढ्याला टाकलेलं. तुटकी जाळी ठेवतात तिथे!

नियम तुला माहीत आहे, पण तू तरुणपणी स्वीडनला मोटारींच्या कारखान्यात गेलीस ती गेलीस, विसरली असशील म्हणून सांगते. होडीत प्रत्येक घराची फळी ठरलेली. ज्या घराचं माणूस एक उन्हाळा बसलं नाही, त्याची फळी पुढच्या घराला. तिसरी फळी आपली. उजवीकडे तुझा भाऊ, माझा एइनो, डावीकडे मी. तुझा भाऊ गेल्यापासून उजव्या बाजूला आर्नेचा भाचा बसतो, तो उसना म्हणून. डावीकडे मी आहे म्हणून फळी आपली आहे. मी उठले की संपलं. आर्नेची सून टपूनच बसली आहे, पुढचं घर त्यांचं. माझी नातवंडं हेलसिंकीत, त्यांना वल्हं आणि खराटा यांतला फरक कळत नाही.

तेव्हा मी ठरवलं आहे. बंद पडलेल्या शाळेत जानेवारीपासून हृदयवर्ग सुरू होतोय, हृदय बिघडलेल्या म्हाताऱ्यांसाठी. काय खायचं ते शिकवतात आणि लोखंड उचलायला लावतात. हसू नकोस. मी नाव दिलं आहे.

हेल्वी


गोथेनबर्ग, १२ डिसेंबर

हेल्वी वहिनी,

तुझं पत्र वाचून मी रडले. सांगितल्याप्रमाणे कागदावरच रडले, शाई फुटली आहे ती बघ.

वहिनी, तुझ्या पाया पडते, हे लोखंड नको. हृदय म्हणजे काय सौनाची चूल आहे, पेटवलं की पेटलं? त्याला झाकून ठेवायचं, निजवायचं. आपल्या बाबांना झालं तेव्हा आईने काय केलं ते आठव. खिडकीपाशी खाट टाकली, जड काही उचलू दिलं नाही, सायीचं सूप पाजलं. बाबा किती शांत झाले होते. तसं राहा. फळी गेली तर गेली. लाकडाची फळी ती. दादाला तरी काय फरक पडतो आता?

माझं छान चाललंय. गुरुवारी फिनिश मंडळात नाच असतो, सगळे म्हणतात केर्तू पाय कसे चालतात तुझे! इमारतीत नवी लिफ्ट बसवली, त्यामुळे जिना सोडला. नाताळला मात्र यायला जमणार नाही. मंडळाची फार कामं आहेत.

गरम राहा, पडून राहा.

तुझी केर्तू


लिंटुनिएमी, २७ जानेवारी

वन्सं,

तुमचा सल्ला मिळाला. चुलीत घातला.

तुझे बाबा शांत झाले होते हे खरं. खिडकीपाशीच कायमचे शांत झाले, त्याच हिवाळ्यात. मी नवी सून होते, पण डोळे होते मला. साय पाजून पाजून आणि निजवून निजवून माणसाला घालवलं, आणि घरभर सांगत फिरलो की किती काळजी घेतली.

आता माझं ऐक, कारण मी इतकी खूश आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि वैनोला सांगितलं तर त्याला वाटतं मी लग्नाचं विचारतेय.

वर्ग घेते ती सिर्पा. आरोग्य केंद्रातली, पन्नाशीची, गुडघा तिचाही दुखतो, पण आमचा दुखतो म्हटलं तर दयामाया नाही. पहिल्या दिवशी म्हणाली, काल जेवलात तेच डब्यात घालून आणा. मग काय, टेबलावर सगळं गाव उघडं पडलं! वैनोचे खारवलेले मासे, वर वितळलेलं लोणी. पाद्रीणबाई गाजराचा कीस घेऊन आल्या. मी म्हटलं, "बाई, काल दुकानात तुमच्या पिशवीतून सॉसेज डोकावत होतं, ते कुणी खाल्लं, पाद्र्यांनी?" सगळे हसले, त्या लाल झाल्या. दुसऱ्या खेपेला खरा डबा आला.

मी पातळ पारीत भात भरून भाजलेल्या पिराक्या नेल्या होत्या, वर अंडं-लोणी, आपल्या घरच्यासारखं, बोटभर. सिर्पाने आख्खी पिराकी खाल्ली, बोटं चाटली. मग म्हणते, "हेल्वी, पिराकी राहू दे. वरचं लोणी काढू."
"लोणी काढलं तर खाली उरतं काय? चपलेचा तळ."
"अंडं कुस्करून त्यात पिवळं तेल घालायचं, कांद्याची पात घालायची. आठवडाभर करून बघ."
केलं. वाईट लागत नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही, आणि तूही कुणाला सांगू नकोस. मासे आता रात्रभर पाण्यात ठेवते, मीठ उतरतं. सायीच्या जागी सातूची पेज आणि लाल आंबट बेरी. माणूस मरत नाही त्याने. उलट सकाळी बूट चढवताना धाप लागायची ती कमी झाली.

आता लोखंडाचं. मी ऐटीत गेले. जन्मभर लाकडं फोडली, मला कोण शिकवणार? सिर्पा म्हणाली, "या खुर्चीवरून हात न टेकता उठ." मी म्हटलं, "एवढंच?" आणि केर्तू, मला उठता येईना! ढुंगण वर येतं आणि परत बसतं. समोर सगळं गाव. एकदा तर बाजूच्या वैनोच्या पायाचाच आधार घेतला. इतकी लाज लग्नाच्या दिवशी वाटली नव्हती.

सिर्पाने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "श्वास कुठे गेला?"
"आत आहे."
"आत काय करतोय? सोड. जोर लावताना श्वास बाहेर. कोंडलास की रक्ताचा दाब चढतो, तुझ्या हृदयाला तेच नको आहे."

मग तिने एकेकाला उठवून पाहिलं. एकूण एक श्वास दाबून! वैनो, पाद्रीणबाई, सगळे. सिर्पा शहरची, तिला कळेना ही कसली साथ. मला कळलं. देवळाच्या वाटेवरचं कबरींचं बेट, केर्तू! पोर वल्हं धरायला लागलं की आपण पहिली गोष्ट काय शिकवतो? बेटाच्या या टोकापासून पलीकडच्या घंटेपर्यंत श्वास रोख आणि जोर लाव. मेलेल्यांनी घरच्या माणसांचा श्वास ऐकला तर त्यांना घरची ओढ लागते, म्हणून. जोर म्हणजे श्वास कोंडणं, हे आमच्या हाडात बसलंय. लाकूड फोडताना कोंडतो, बादली उचलताना कोंडतो, संडासात बसूनही कोंडतो.

आता मी खुर्चीतून उठताना "हूऽऽफ" करते. मांजर पळून जातं. पण उठते!

हेल्वी


गोथेनबर्ग, २० फेब्रुवारी

वहिनी,

बाबांबद्दल तू लिहिलंस ते मला बोचलं. दोन दिवस पत्र परत उघडलं नाही. मग उघडलं.

माझ्याबद्दल काही नाही, मी ठणठणीत आहे. पण माझ्या मजल्यावर गुन्वोर नावाची बाई राहते, स्वीडिश, बिचारी एकटी. तिला नोव्हेंबरात तुझ्यासारखंच झालं. जाळी बसवली. डॉक्टरांनी तिला वर्गाचा कागद दिला होता, तो तिने फ्रिजखाली सारला. घराबाहेर पडत नाही. तिला वाटतं, चालले तर तुटेल. रात्री छातीत जरा कळ आली की दिवा लावून बसते.

तिने मला विचारायला सांगितलंय, तुला पहिल्यांदा बाहेर पडताना भीती वाटली का? आणि तिला पिराक्यांवरचं अंडं-लोणी सोडवत नाही, तेल नक्की किती घालायचं? आणि खुर्चीवरून उठताना धडधड झाली तर बसायचं की उठायचं?

घाईने लिही. तिच्यासाठी.

केर्तू


लिंटुनिएमी, ६ मार्च

केर्तू,

गुन्वोरला सांग, भीती वाटली. झाडावर चढलेल्या मांजरासारखी वाटली, वर जाता येत नाही आणि खाली उतरता येत नाही. टपालपेटीपर्यंत वैनोला बरोबर घेऊन गेले आणि त्याला सांगितलं, "बोलू नकोस, मी मरायच्या कामात आहे." पेटीपाशी पोचले, मेले नाही, बिल आलं होतं ते घेऊन परतले.

आधी तिने फ्रिजखालचा कागद काढावा, त्यावरच्या माणसाला गाठावं, आणि त्याने हो म्हटल्यावरच जड काही उचलावं. मी काही डॉक्टर नाही, आणि तीही नाही. जरा धडधडणं, कपाळाला घाम येणं म्हणजे काम होतंय. पण दुखलं, आवळलं, डोळ्यांपुढे अंधारलं तर तिथेच थांबायचं आणि कुणाला तरी हाक मारायची, शूरपणा करायचा नाही. खुर्चीवरून आधी हात टेकून उठू दे. आणि श्वास बाहेर! तेल उकडलेलं अंडं ओलं होईल इतपतच, पोहायला नको.

आता इकडचं. मी उठते, केर्तू! हात न टेकता, आणि आता मांडीवर वाळूची पिशवी घेऊन. सिर्पाने रबराचा पट्टा दाराला बांधून दिलाय, तो वल्ह्यासारखा ओढते. दार कुरकुरतं, मी नाही. दंडात गाठ आली आहे, नातीला फोटो पाठवला तर तिला वाटलं सूज आहे.

दंडावर भरोसा ठेवून आर्नेकडे गेले. डॉक्टरने तपासून लिहून दिलंय की बाई वल्हवू शकते, तो कागद त्याच्यापुढे धरला. तो म्हणतो, "डॉक्टर होडीत बसत नाही."
मी म्हटलं, "सूनही अजून बसलेली नाही. मला बसवून बघ."
"आणि मध्येच पडलीस तर?"
"तर बेटावर उतरव. रस्त्यातच आहे."

तो हसला नाही, पण दाढी हलली. ठरलं असं: बर्फ वितळून होडी पाण्यात उतरली की चाचणी. देवळाच्या धक्क्यापर्यंत जायचं नि परत यायचं. मी पुरी पडले तर वल्हं खुंटीवर. नाही पडले तर कॉफीची किटली.

रोज सकाळी तळ्यावर जाऊन बर्फाला शिव्या घालते. अजून हलत नाही मेलं.

हेल्वी


गोथेनबर्ग, ११ मे

वहिनी,

गुन्वोर उठली! आधी हात टेकून, मग एका हाताने, मग काल बिनहाताची! तिने आरडाओरडा केला म्हणे. फ्रिजखालून कागद काढताना धुळीने शिंका आल्या, पण काढला. मंगळवारी वर्गाला जाते. तिथे एक इराणी म्हातारे आहेत, ते तिच्याहून जड लोखंड उचलतात, ते तिला सहन होत नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत चालत गेली, काचेतून केक पाहिला आणि परत आली. केकचं तिला फार वाईट वाटत नाही, पण थोडं वाटतं.

बर्फ गेला असेल ना आता? चाचणीचं काय झालं? तू लिहीत का नाहीस? दोन महिने झाले, पेटीत नुसत्या जाहिराती. वहिनी, खरं सांग, काही झालं तर नाही ना तुला?

केर्तू


लिंटुनिएमी, २८ मे

केर्तू,

झालं. मला नाही, चाचणीचं झालं. बर्फ उशिरा गेला, आर्नेने मुद्दाम होडीला दोनदा डांबर फासलं, मग पावसाचं निमित्त. शेवटी काल सकाळी निघालो. तळहातांना फोड आलेत, म्हणून अक्षर असं.

सगळ्या फळ्या भरलेल्या. आर्ने मागे सुकाणूवर, त्याची सून धक्क्यावर उभी, नवे हातमोजे घालून. मी तिसऱ्या फळीवर, डावीकडे. वल्हं उसनं, कारण माझं अजून आढ्याला. उजवीकडे आर्नेचा भाचा, तो माझ्याकडे असा बघत होता जसं मी अंड्याची टोपली आहे.

निघालो. केर्तू, काय सांगू! पाठ उघडली, पाय फळीला टेकले, मांड्यांनी ढकललं. पूर्वी नुसते हात ओढायचे, आता पायांपासून जोर येतो, खुर्चीवर शिकले तसा. आणि प्रत्येक ओढीला "हूऽफ". भाच्याला धाप लागली तरी मी चालूच. पाणी काळं, काठाला अजून बर्फाच्या चिंध्या. मला गावंसं वाटलं, पण मला गाता येत नाही.

मग बेटाचं टोक आलं. आर्नेने हात वर केला. सगळ्यांनी श्वास भरला आणि कोंडला. होडी एकदम मुकी झाली, नुसती वल्ह्यांची कुरकुर. मीही कोंडला. सवयीने, केर्तू. विचारच केला नाही. एक ओढ, दोन ओढी, आणि कानात ढोल वाजायला लागला. काठ अंधुक झाला. तशी पाठीवर सिर्पाचा हात आहे असं वाटलं. श्वास कुठे गेला?

सोडला. "हूऽऽऽफ!" मोठ्याने. त्या शांततेत तो बैल डुरकल्यासारखा वाजला.

आर्ने कुजबुजला, "हेल्वी! गप! ते ऐकतील!"

बर्च झाडांमधून एइनोचा दगड दिसत होता. मी ओढ घेतली आणि म्हटलं, "ऐकू दे. माझा नवरा आहे तिथे. त्याला कळू दे मी अजून श्वास घेतेय."

आणि परत "हूऽफ".

आर्नेने सुकाणू आवळलं. मला वाटलं, गेली फळी. मग पुढच्या फळीवरून "हूऽफ". वैनो! त्याची बायको आहे तिथे. मग मागून पाद्रीणबाई. मग कोण कोण, ते पाठमोरं कळत नाही. आख्खी होडी गाईंच्या गोठ्यासारखी फुसफुसत बेटावरून गेली, आणि पलीकडच्या घंटेपाशी पोचली तर इतक्या लवकर की घंटा वाजवणारा अजून तंबाखूच भरत होता. इतक्या वेगात ते बेट आम्ही कधी ओलांडलं नव्हतं. ओलांडणार कसं, सगळे अर्धमेले होऊन ओढायचे!

परत आलो. आर्नेने होडी बांधली. होडीघरात शिडी लावून वर चढला, माझं वल्हं काढलं, बाहीने धूळ पुसली आणि खुंटीवर टांगलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "माझी आईही आहे तिथे." मी म्हटलं, "मग पुढल्या वेळी तूही फुसफुस." सुनेने हातमोजे काढून खिशात घातले. पोरगी वाईट नाही, तिला सिर्पाच्या वर्गाला यायला सांगितलंय. कधी ना कधी तीही म्हातारी होईलच.

आता गुन्वोर.

केर्तू, मी शाळेत फार गेले नाही, पण मूर्ख नाही. कुठली स्वीडिश बाई पिराकीवर अंडं-लोणी लावते? जगात ते एकाच गावात बोटभर लावतात, आणि ते गाव तू सोडलंस. फेब्रुवारीतच कळलं होतं मला. बोलले नाही, कारण बोलले असते तर तू फोन केला असतास, आणि रडली असतीस, आणि परत झोपली असतीस. गुन्वोर मात्र रडत नव्हती, कामाला लागत होती. म्हणून गुन्वोरलाच पत्रं लिहिली.

आता ऐक. डॉक्टरला विचार, प्रवास चालेल का. चालेल म्हणाला तर युहान्नुसला ये. यंदा काठावर बस आणि कॉफी ओत, आर्नेने जागा तयारच ठेवली होती. हिवाळाभर इथे राहा आणि सिर्पाच्या वर्गाला चल. उजव्या बाजूचा भाचा उसना आहे. रक्ताचं माणूस आलं की त्याला उठावं लागतं, तो नियम आर्नेलाही मोडता येत नाही.

हेल्वी


गोथेनबर्ग, ७ जून

वहिनी,

डॉक्टर हो म्हणाले. बोटीचं तिकीट काढलं. गुन्वोर येत नाहीये, मी येतेय.

फोन करणार होते, नाही केला. कागदावरही रडलेले नाही, शाई बघ.

एकच सांगते. तुझं पत्र खाली पेटीपाशीच उभ्याने वाचलं. लिफ्ट समोर उघडी होती. तिच्यात शिरले नाही. जिना चढले, हळूहळू, प्रत्येक मजल्याला थांबून, आणि प्रत्येक पायरीला "हूऽफ". सगळ्या इमारतीत घुमलं. माझ्या मजल्यावर पोचले तर शेजारचं दार उघडलं. तिथे गुन्वोर नावाची बाई खरंच राहते, फक्त तिला काही झालेलं नाही. घाबरून विचारते, "केर्तू, काय होतंय? कुणाला बोलावू?"

मी म्हटलं, "कुणाला नको. माझा भाऊ लांब आहे ना, त्याला ऐकू जावं म्हणून."

केर्तू